अर्धशिशी आणि मेंदूतील पांढरे ठिपके : प्रतिमांकन संशोधनाचा अन्वयार्थ

अर्धशिशी हा दीर्घकाळ केवळ कार्यात्मक विकार मानला गेला. झटका ओसरला की मेंदू पूर्ववत होतो, अशी समजूत होती. एमआरआय तंत्राने तिला धक्का दिला. काही रुग्णांच्या मेंदूतील श्वेतद्रव्यात पांढरे ठिपके दिसू लागले आणि अर्धशिशीमुळे मेंदूस कायमची इजा होते काय, हा प्रश्न उभा राहिला. प्रस्तुत लेखात नेदरलँड्समधील ‘कॅमेरा’ या संशोधनाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

या संशोधनाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील व्यक्ती रुग्णालयातून नव्हे, तर सर्वसाधारण लोकसंख्येतून निवडल्या होत्या. ही बाब महत्त्वाची आहे. कारण रुग्णालयात येणारे रुग्ण मुळातच अधिक त्रस्त असतात. ३० ते ६० वयोगटातील २९५ अर्धशिशीग्रस्तांची तुलना १४० इतरांशी करण्यात आली. मेंदूच्या मागील भागात, मुख्यतः लहान मेंदूत, रक्तपुरवठा खंडित झाल्याच्या खुणा अर्धशिशीग्रस्तांपैकी ५.४ टक्के व्यक्तींत, तर तुलनागटात ०.७ टक्के व्यक्तींत आढळल्या. स्त्रियांमध्ये श्वेतद्रव्यातील ठिपक्यांचे प्रमाण झटक्यांच्या वारंवारतेनुसार वाढलेले दिसले. अर्धशिशी हा उत्तरोत्तर वाढत जाणारा मेंदूविकार तर नव्हे, ही धास्ती येथूनच बळावली.

नऊ वर्षांनंतर याच व्यक्तींपैकी २८६ जणांची पुन्हा तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ चे. अर्धशिशीग्रस्त स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींत ठिपके वाढले होते. परंतु अर्धशिशी नसलेल्या स्त्रियांतही हे प्रमाण ६० टक्के होते! पुरुषांत असा फरक आढळला नाही. ठिपक्यांच्या वाढीचा झटक्यांच्या संख्येशी वा बौद्धिक क्षमतेशीही संबंध दिसला नाही. पहिल्या निष्कर्षाचा गवगवा झाला, त्या मानाने दुसरा उपेक्षित राहिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मुळात प्रतिमेतील पांढरेपणा त्या जागी ऊतींतील पाण्याचे प्रमाण वाढल्याचे दर्शवितो. पेशी मृत झाल्याचा तो पुरावा नव्हे. वाढते वय व उच्च रक्तदाब यांमुळेही असे ठिपके उमटतात. त्यामुळे अहवालातील एका ओळीवरून स्मृतिभ्रंशाची भीती बाळगणे अनाठायी होय. मात्र झटक्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा दिसणाऱ्या स्त्रियांत पक्षाघाताचा धोका काहीसा अधिक असतो. धूम्रपान व इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे तो आणखी वाढतो. अशा स्त्रियांनी या दोन्ही गोष्टींविषयी वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे, मग एमआरआयमध्ये ठिपके दिसोत वा न दिसोत.