नदीचा जमाखर्च

आमची धाकटी मुलगी सातवीत आहे. परवा ती भूगोलाचे पुस्तक घेऊन आमच्यापुढे बसली. "बाबा, नदीची कामं तीन. खनन, वहन आणि संचयन. पाठ झालं, पण डोक्यात शिरत नाही." आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, निम्मे आयुष्य खतावणीत गेले. पण विचार करता ध्यानी आले की हाही एक जमाखर्चच आहे. नदी एके ठिकाणाहून उचलते, वाटेत बाळगते आणि दुसऱ्या ठिकाणी जमा करते.

आम्ही एक काचेची बरणी घेतली. तीत मूठभर माती, थोडी वाळू आणि पाणी घातले, खळखळून हलवली व ओट्यावर ठेवून दिली. वाळू क्षणात तळाशी बसली. तिच्यावर बारीक गाळाचा थर जमायला दुपार झाली. चिकणमातीने मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवले. जड कण आधी, हलके मागाहून. एवढे कळले की नदी निम्मी समजते.

आता आपली गोदावरी घ्या. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर तिचा उगम. अरबी समुद्र तेथून जवळ, तरी ती पूर्वेकडे १४६५ किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. डोंगरात उतार जास्त, म्हणून पाण्याला वेग. पण खडक झिजवण्यात पाण्याचे खरे हत्यार म्हणजे त्यातले दगडगोटे. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर निघोज येथे कुकडी नदीत रांजणखळगे आहेत. सहल गेली तर मुलांना अवश्य दाखवा. भोवऱ्यात सापडलेले दगड वर्षानुवर्षे गरगर फिरले आणि त्यांनी कठीण काळ्या कातळात रांजण कोरले.

वाहून नेण्याचा हिशेब तर चकित करणारा आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकेल अशा दगडाचे वजन दुप्पट होत नाही. चौसष्ट पट होते, असे शास्त्राचे गणित सांगते. म्हणून नदी वर्षाचे बहुतेक काम पुराच्या थोड्या दिवसांत उरकून घेते. मोठे गोटे तळाशी घरंगळत जातात, वाळू उड्या मारीत जाते, माती पाण्यात तरंगत जाते आणि क्षार विरघळून जातात.

सपाटीवर वेग मंदावला की ओझे खाली ठेवणे आले. आंध्रात धवळेश्वरमच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात आणि समुद्रापर्यंत सुपीक त्रिभुज प्रदेश पसरतो. ती सारी जमीन नदीने आणलेल्या गाळाची. तीत आपल्या नाशिक-मराठवाड्याच्या मातीचाही वाटा आहे.

मात्र १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी धरण पुरे झाले. गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर इतरही धरणे झाली. धरणाने शेताला पाणी दिले, शहरांची तहान भागवली, हे विसरून चालणार नाही. पण धरण म्हणजे आमची ती बरणीच. पाणी थांबले की गाळ बसणारच. जाड वाळू जलाशयाच्या तोंडाशी बसते, बारीक गाळ भिंतीकडे सरकतो आणि पाण्याची जागा दरवर्षी थोडी कमी होते. राज्य सरकारने २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली, तिचे कारण हेच. इकडे गाळ अडकतो आणि तिकडे समुद्रकाठच्या जमिनीला तो कमी पडतो. लाटांचे खाणे मात्र थांबत नाही.

आमचे गाव गोदाकाठचे. आमची आजी म्हणायची, "गंगेनं आपलं रान खाल्लं अन् पलीकडच्याला दिलं." आजोबांचे काठावरचे काही गुंठे असेच गेले. लहानपणी आम्हाला हा नशिबाचा खेळ वाटे. आता कळते की वळणावर बाहेरच्या काठाशी पाण्याचा वेग जास्त असतो, म्हणून तो काठ तुटतो. आतल्या काठाशी वेग कमी, म्हणून तेथे वाळू साचते. आमचे रान बाहेरच्या वळणावर होते. यात ना कोणाचा कोप, ना कोणाची कृपा.

पण पुढे जे झाले ते माणसाने केले. पात्रातली वाळू रात्रंदिवस ट्रकांनी गेली. पात्रातली वाळू पावसाचे पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरवते. ती गेली आणि आमच्या वस्तीच्या विहिरीचे पाणी खोल गेले. बायांना घागरी घेऊन लांब जावे लागले. त्याहून वाईट म्हणजे उपशाचे खड्डे. वरून पाणी सपाट दिसते, खाली दोन पुरुष खोल असते. आमच्या भावकीतला चौदा वर्षांचा पोरगा अशाच खड्ड्यात गेला. पट्टीचा पोहणारा होता. खड्ड्याचा ढासळता काठ त्याला धरता आला नाही.

लहानशा खाणपट्ट्यालाही पर्यावरण परवानगी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. घरे बांधायला वाळू लागते, हे आम्हालाही कळते; आपलेच भाऊ गवंडीकाम करतात. पण नदी जेवढी जमा करते त्याहून जास्त उचलले, तर खाते बुडणारच. वर धरण असेल तर नवी वाळू येते तरी किती?

म्हणून दोन गोष्टी करा. सुट्टीत मुले गावी गेली की वाळू उपसलेल्या पात्रात त्यांना उतरू देऊ नका, मग पोहता येत असो वा नसो. आणि ग्रामसभेत उभे राहून विचारा की आपल्या पात्रातून वाळू किती गेली, किती खोल गेली आणि परवानगी कोणी दिली. हिशेब मागायला पदवी लागत नाही.