मुळशीच्या उतारावरचा गॅमा किरण

मुळशी धरणाचं पाणी सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याला जातं आणि तिथे 1927 पासून वीज तयार होते. याच उतारावरून गॅमा किरण सोडला, तर गुरुत्वाकर्षणामुळे खाली पोचेपर्यंत त्याची ऊर्जा किंचित वाढलेली असेल. अशी वाढ पाउंड आणि रेब्का या भौतिकशास्त्रज्ञांनी हार्वर्डमध्ये अवघ्या 22.5 मीटर उंचीत मोजली, 1960 साली!

त्यांनी वापरलं लोह-57. त्याच्या एका अणुकेंद्रातून निघालेला गॅमा दुसरं तसंच अणुकेंद्र गिळतं. असा रेझोनन्स मॉसबाउअर या भौतिकशास्त्रज्ञाने 1958 मध्ये दाखवला. तो इतका नाजूक, की गॅमाचा स्रोत सेकंदाला मिलिमीटरभर हलवला तरी मोडतो. म्हणून तो मोजणाऱ्या यंत्रात लाउडस्पीकरच्या तत्त्वावरची एक मोटर स्रोत मागेपुढे हलवत राहते. मुळशीच्या काळ्या पाषाणातही लोह-57 आहेच. लोखंडाच्या दर 100 अणूंत साधारण 2. असंच यंत्र 2004 मध्ये स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या गाड्यांवरून मंगळावर उतरलं.

खरी कमाल पुढे आहे. अणुकेंद्र उत्तेजित अवस्थेत जितकं जास्त टिकतं, तितकी गॅमाची रेषा, म्हणजे त्याच्या ऊर्जेचा पसारा, अरुंद. लोह-57 टिकतं सेकंदाचा एक कोटीवा भाग. भिऱ्यापर्यंतच्या उतारानेही त्याची रेषा स्वतःच्या रुंदीच्या सहाव्या हिश्शाइतकीच सरकेल. चांदी-109 चा आयसोमर (टिकून राहणारी उत्तेजित अवस्था) मात्र 40 सेकंदांत निम्मा होतो, म्हणजे चांगलाच दीर्घायुषी. हिशेब मांडला तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या उंचीच्या फरकानेही त्याचा रेझोनन्स बिघडतो. इथे नमुना गारठवावा लागतो आणि पातळीही काटेकोर धरावी लागते. माझ्या मते प्रयोगशाळेतलं यापेक्षा अवघड मोजमाप शोधून सापडणार नाही.

टँटलम-180 चा आयसोमर तर निसर्गातच मिळतो. टँटलम इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कपॅसिटरमध्ये असतं, म्हणजे मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीच्या कचेऱ्यांतही तो असणार. त्याचा क्षय आजवर कुणालाही टिपता आलेला नाही. जमिनीखाली खोल, जर्मेनियम डिटेक्टर लावून शास्त्रज्ञ वाट पाहत आहेत. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनने गार ठेवलेले जर्मेनियम डिटेक्टर मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतही गॅमा मोजतात.

आणि ज्याच्याशी तुमची गाठ पडू शकते, तो आयसोमर म्हणजे टेक्नेशियम-99एम. हाडांच्या स्कॅनसाठी तो शिरेतून देतात आणि त्याचा 140 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅमा बाहेरचा कॅमेरा टिपतो. 6 तासांत तो निम्मा होतो.