शेतवस्तीवरील खोडकर कुत्र्याची घरीदारी घ्यावयाची खबरदारी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गावठाण सोडून शेतावर राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कन्नडच्या डोंगरपायथ्यापासून पैठणच्या गोदाकाठापर्यंत कोठेही गेले, तरी वस्तीच्या तोंडाशी प्रथम सामोरे येते ते कुत्रे. खळ्यावरील धान्य, गोठ्यातील वासरे, खुराड्यातील कोंबड्या व विहिरीवरील मोटार या सर्वांची राखण तेच करते. खंडोबाच्या परिवारात त्याला मानाचे स्थान आहे. मात्र वस्तीवर त्याच्या वाट्याला बहुधा शिळी भाकरी आणि आखूड साखळी एवढेच येते. बैल आजारी पडला तर रात्री दोन वाजताही पशुवैद्यास बोलावणे जाते. कुत्रे मेले तर दुसरे पिलू आणले जाते. या निष्काळजीपणाची किंमत कुत्र्याबरोबर घरातील माणसांनाही, विशेषतः लहान मुलांना, मोजावी लागते.

सर्वांत अधिक धोका असतो तो सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या अंगापिंडाने चपळ कुत्र्यास. मग ते गावठी असो वा लातूरकडून आणलेले कारवान जातीचे असो. या वयात ते चपला पळविते, ठिबकच्या नळ्या चावते, अळ्यातील माती उकरते, मोटारसायकलीच्या मागे धावते आणि दिसेल ती वस्तू तोंडात घालून पाहते. घरची मंडळी यास खोडी म्हणतात. वस्तुतः तो अंगातील जोम होय. त्या जोमास काम मिळाले नाही, तर तो आपले काम स्वतःच शोधून काढतो.

खोडकर कुत्र्यावर सर्वत्र एकच उपाय केला जातो. तो म्हणजे त्यास दोन हात साखळीने दिवसभर खुंट्यास बांधून ठेवणे. हा उपाय सोयीचा दिसला तरी फायद्याचा नाही. बांधलेल्या कुत्र्याचा जोम नाहीसा होत नाही, तो साठून राहतो. सायंकाळी साखळी सुटताच ते बेभान होऊन थेट रस्त्यावर धावते. शिवाय बांधलेल्या कुत्र्यास भीती वाटली तर पळून जाण्यास वाट नसते. त्यामुळे जवळ आलेल्या अनोळखी मुलाचा ते चावा घेते. एरवी तेच कुत्रे चार पावले मागे सरून नुसते भुंकले असते.

बांधणे अपरिहार्य असेल तेथे सरकती साखळी वापरावी. दोन भक्कम खांबांच्या दरम्यान वीस-पंचवीस फूट लांबीची जाड तार माणसाच्या डोक्याहून उंच ताणावी, तीत लोखंडी कडी ओवावी व त्या कडीस साखळी अडकवावी. कुत्र्यास तारेच्या लांबीइतके फिरता येते आणि राखणही होते. खांबापासून चार-पाच फुटांवर तारेस गाठ मारून कडी अडवावी, म्हणजे साखळी खांबाभोवती गुंडाळली जात नाही. जवळ भिंत किंवा कुंपण असू नये, कारण त्यावरून उडी मारल्यास कुत्र्यास गळफास बसतो. गळ्यातील पट्टा दोन बोटे आत जातील इतका सैल असावा. त्याहून सैल पट्टा बाभळीच्या काट्यांत अडकतो.

काम देणे हा खरा उपाय होय. सकाळी दारे धरण्यास जाताना व सायंकाळी गुरे आणताना कुत्र्यास बरोबर घेऊन बांधावरून एक फेरी मारली, तर त्याचा निम्मा उपद्रव कमी होतो. हाक मारताच परत येणे ही एक गोष्ट त्याला पिलू असतानाच शिकवावी. हाकेसाठी एकच शब्द ठेवावा व ते जवळ आले की भाकरीचा तुकडा द्यावा. उशिरा आले म्हणून मारणे हा मोठा चुकीचा प्रघात आहे. त्यातून कुत्रे एवढेच शिकते की धन्याजवळ गेले की मार बसतो, आणि पुढच्या वेळी ते येतच नाही. नराचे किंवा मादीचे नसबंदीचे ऑपरेशन करून घेतल्यास सोबतीच्या शोधात दूर भटकणेही पुष्कळ कमी होते.

शेततळे व विहीर

कठडा नसलेली विहीर हा जुना धोका सर्वांस ठाऊक आहे. नवा धोका आहे तो प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याचा. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली सुरू झाल्यानंतर कोरडवाहू भागात तळ्यांची संख्या वाढली, आणि मोसंबी-डाळिंबाच्या बागा उन्हाळ्यात त्यांवर तगल्या, हे खरे. परंतु तळ्याच्या उतरत्या बाजूंवरील प्लॅस्टिक ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही. तहानलेले कुत्रे पाण्यापर्यंत उतरते, घसरते आणि पोहत कडेने फिरत राहते. कोठेच पकड न मिळाल्याने शेवटी थकून बुडते. त्याला वाचविण्यासाठी पाठोपाठ उतरलेला मुलगाही त्याच रीतीने अडकतो.

काटेरी तारेचे कुंपण मोठ्या जनावरांस अडविते, कुत्रे त्याच्या खालून सहज जाते. म्हणून कुंपणाच्या खालच्या भागास दोन-अडीच फूट उंचीची बारीक जाळी लावावी. त्याशिवाय तळ्याच्या चारही कोपऱ्यांत जुन्या टायरांची माळ किंवा आडव्या काठ्या बांधलेली रुंद जाळी वरच्या खुंट्यास पक्की बांधून पाण्यात सोडावी. तिला धरून कुत्रे व माणूस दोघेही वर येऊ शकतात. काठावर एक लांब दोर व हवा भरलेली जुनी ट्यूब नेहमी ठेवावी. पाण्यात पडलेल्या जनावरामागे कोणीही उडी मारू नये, हे घरातील मुलांस वारंवार बजावून सांगावे. सर्वांत सोपी गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी राहूनच जाते: घराजवळ सावलीत मातीचे परळ ठेवून त्यात दिवसातून दोन वेळा ताजे पाणी भरले, तर कुत्र्यास तळ्याकडे जाण्याचे कारणच उरत नाही.

विषबाधा

वस्तीवरील कुत्री विषाने मरतात, तेव्हा शेजाऱ्याने वैरापोटी विष घातले असा संशय घेतला जातो. त्यातून भांडणे होतात. पुष्कळदा ते विष घरच्याच पडवीत असते. उंदरांसाठी पीठ, गूळ व तेलात कालविलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष कुत्र्यासही आवडते, आणि त्या विषाने मेलेला उंदीर खाल्ला तरी बाधा होऊ शकते. आमिष बिळाच्या आत खोल ठेवून बीळ बुजवावे. मेलेले उंदीर सकाळी गोळा करून खोल पुरावेत. २०२२ साली मराठवाड्यात सोयाबीनवर शंखी गोगलगायींचा मोठा उपद्रव झाला, तेव्हापासून मेटाल्डिहाईडच्या गोळ्या अनेक घरांत आल्या. या गोळ्यांत गोगलगायींस ओढणारे खाद्य असते व ते कुत्र्यांसही ओढते. थोड्या गोळ्या पोटात गेल्या तरी कुत्र्यास झटके येऊन ते दगावू शकते. गोळ्यांचा ढीग घालण्याऐवजी त्या विरळ पसरून टाकाव्यात आणि त्या काळात कुत्र्यास शेतात मोकळे सोडू नये.

एरंडीची पेंड खत म्हणून टाकली जाते तेव्हाही हीच काळजी घ्यावी. तिच्या वासाने कुत्री माती उकरून पेंड खातात, आणि एरंडीच्या बीजातील विष फार तीव्र असते. औषध लावलेले बियाणे, कपाशीवर फवारलेल्या औषधाचे रिकामे डबे व फवारणीचे पाणी सांडलेले डबके ही आणखी काही ठिकाणे. अंगावरील गोचिडांसाठी कपाशीचे औषध कुत्र्यास चोळण्याची रीत काही ठिकाणी आहे. ते औषध कातडीतून अंगात मुरते. शिवाय कुत्रे अंग चाटत असल्यामुळे ते पोटातही जाते. गोचिडांसाठी दवाखान्यातूनच औषध घ्यावे. स्वयंपाकघरातील कांदाही कुत्र्यास अपायकारक आहे. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे व बेदाणे यांनी मूत्रपिंडे बिघडतात. उरलेली कांद्याची भाजी कुत्र्यापुढे टाकण्यात घरच्यांचा हेतू चांगला असतो, पण ती टाकू नये.

तोंडातून लाळ गळणे, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होणे, अंग थरथरणे व पातळ शौच ही फवारणीच्या अनेक कीटकनाशकांच्या बाधेची लक्षणे होत. त्यावर ॲट्रोपीनचे इंजेक्शन वेळेवर मिळाल्यास कुत्रे वाचू शकते. उलटीस लसणासारखा वास येत असल्यास झिंक फॉस्फाईडचा संशय घ्यावा. अशा कुत्र्यास मोकळ्या हवेत ठेवावे, कारण पोटातून निघणारा वायू माणसासही अपायकारक असतो. दूध, तूप, तेल किंवा मिठाचे पाणी घशात ओतू नये. झटके येत असताना ओतलेले पातळ पदार्थ फुप्फुसांत जातात, आणि स्निग्ध पदार्थांनी काही विषे अधिक लवकर अंगात भिनतात. औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर घेऊन कुत्र्यास दवाखान्यात न्यावे. विष कोणते हे कळले तर उपचारास अर्ध्या तासाचा उशीर टळतो.

रात्र व बिबट्या

गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या आसपास, तसेच गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या खाण्याचा, वजनाच्या हिशेबाने, सुमारे ३९ टक्के भाग कुत्र्यांचा असल्याचे आढळले. याचा अर्थ असा की अंगणात उघड्यावर बांधलेले कुत्रे हे राखण नसून आमिष होय. त्याच्यामागे आलेला बिबट्या थेट माणसांच्या दारापर्यंत येतो. रात्री कुत्र्यास दार असलेल्या खोलीत, किंवा वरून छत व चारी बाजूंस मजबूत जाळी असलेल्या खुराड्यात ठेवावे. तेथूनही ते भुंकून सूचना देऊ शकते. धनगर मंडळी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. त्याने मानेचे काहीसे रक्षण होते, परंतु तेवढ्यावर विसंबून राहू नये. मेलेली जनावरे व कोंबड्यांची आतडी वस्तीजवळ टाकल्यास मोकाट कुत्री जमतात, आणि त्यांच्यामागून बिबट्या येतो.

रानडुकरांसाठी कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे. त्याचा पहिला बळी बहुधा घरचे कुत्रे असते, आणि दुसरा कोण असेल हे सांगता येत नाही.

उन्हाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, कुत्र्यास माणसासारखा घाम येत नाही. ते धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद मोटारीत ठेवलेले कुत्रे थोड्याच वेळात उष्माघाताने मरू शकते. अशा कुत्र्यास सावलीत आणून अंगावर साधे पाणी ओतावे व वारा घालावा. रस्त्यालगतच्या वस्तीवर पट्ट्यास रेडियमची पट्टी चिकटवावी. वाहनामागे धावण्याची सवय मुले हसून वाढवितात, ती पिलूपणीच मोडावी. त्यात मोटारसायकलस्वारही पडून जखमी होतात. साप चावल्यास, आणि तो बहुधा तोंडावरच चावतो, जखम कापू नये अथवा दोरीने आवळू नये. कुत्र्यास उचलून तडक दवाखान्यात न्यावे.

पिसाळण्याचा रोग

वरील सर्व खबरदारी घेतली आणि रेबीजची लस टोचली नाही, तर त्या खबरदारीचा उपयोग थोडा. पिलास तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचून घ्यावी, दुसरी मात्रा पशुवैद्य सांगतील त्या वेळी द्यावी व पुढे दर वर्षी टोचावी. त्याआधी, दीड-दोन महिन्यांच्या वयापासून, डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांच्या लसी सुरू कराव्यात. पार्व्होमुळे रक्ताचे जुलाब होऊन पिले दोन-तीन दिवसांत दगावतात.

रेबीज झालेले कुत्रे नेहमी धावून येतेच असे नाही. कधी ते कोपऱ्यात निमूट बसते, खालचा जबडा लोंबतो, आवाज घोगरा होतो व लाळ गळते. हाड अडकले असावे अशा समजुतीने घरचा माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. गाय किंवा म्हैस घसा बसल्यासारखी हंबरू लागते, तेव्हाही असेच घडते. अशा वेळी हात न घालता पशुवैद्यास बोलवावे. माणसात या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित असतो. लक्षणांपूर्वी मात्र लसीने तो टाळता येतो, आणि हे १८८५ साली पाश्चर यांनी पॅरिसमध्ये एका मुलास लस टोचली तेव्हापासून माहीत आहे.

कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद किंवा तेल लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे कातडीत टोचावयाची लस ०, ३, ७ व २८ व्या दिवशी देतात, आणि रक्त निघालेल्या जखमेत त्याखेरीज निराळे प्रतिविषही टोचावे लागते. कुत्रे घरचे आहे, लस टोचलेले आहे, म्हणून वाट पाहू नये. त्या कुत्र्यास मारून टाकू नये, तर बांधून दहा दिवस त्यावर नजर ठेवावी. दहा दिवसांनंतर ते धडधाकट असेल, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजावे, व उरलेल्या मात्रांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक वस्तीवरील गोठ्याच्या दारावर रंगाने लिहून ठेवण्याचे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका दिवसात उरकण्यासारखे आहे.