भाड्याच्या घरात म्युझिक सिस्टिम? आधी सॉकेट बघा

बीड, परळी, अंबाजोगाईत भाड्याने राहणाऱ्या गाणंवेड्या मित्रांनो, स्पीकरमधून सतत बारीक घरघर येते का? ती बहुधा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचीच असते. टीव्ही एका भिंतीवर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर जोडला असेल, तर दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. बरेचदा आवाज तिथेच थांबतो. घरघर घालवायला प्लगची जाड अर्थ पिन मात्र कधीच काढू नका, जिवावर बेतेल.

वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक होते आणि अर्थिंग कमजोर पडतं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

सॉकेट ढिलं असेल तर घरमालकाला विचारून आयएसआय मार्कचं नवं बसवा. १६ अँपिअरचं हवं असेल, तर मागे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि योग्य एमसीबी हवाच. जुनं सॉकेट जपून ठेवा, घर सोडताना परत लावता येतं.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या सॉकेटने गाणं गोड होतं, हे मला अजिबात पटत नाही. ते पैसे शॉकपासून वाचवणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबी स्विचवर घाला.