पाय वाचवता येतो, पण वेळेत

माणूस आयुष्यभर ज्यांच्या जोरावर उभा असतो, त्या पायांकडे त्याचे सर्वांत कमी लक्ष असते. चेहरा तो रोज आरशात पाहतो; तळपाय मात्र महिनोन्‌महिने पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय याच दुर्लक्षाशी निगडित आहे. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून म्हणून नोकरी करतो. परंतु माझ्या थोरल्या मामांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हापासून डॉक्टरांना विचारून व वाचून जे समजले ते आपल्या सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे असे वाटले.

मामांना बिडीची जुनी सवय आणि जोडीला मधुमेह. बाजारात जाताना शंभर पावलांवर त्यांची पोटरी भरून यायची. ते पानाच्या टपरीशी दोन मिनिटे उभे राहायचे, की पुन्हा चालू लागायचे. आम्ही म्हणायचो, "वय झालं, मामा." पुढे नवी चप्पल चावली, अंगठ्याला जखम झाली. हळद लावली, पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी अंगठा काळा पडला. डॉक्टर एवढेच म्हणाले, "पोटरी दुखत होती तेव्हाच आणायला हवं होतं." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

असे का होते?

पायाच्या रोहिण्यांमध्ये चरबीचा व चुन्याचा थर साचत जातो आणि वाट अरुंद होते. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्याची मुख्य कारणे. तंबाखू ओढणाऱ्या तरुणांत बर्गरचा आजार म्हणून आणखी एक प्रकार आढळतो. लिओ बर्गर या डॉक्टरांनी 1908 साली त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यात बोटांकडील बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि तंबाखू पूर्ण सोडल्याखेरीज तो आटोक्यात येत नाही.

फ्रेंच शल्यविशारद रेने फाँतेन यांनी 1954 साली या रोगाच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिलीत काहीच जाणवत नाही. दुसरीत चालताना पोटरी दुखते, थांबले की राहते. तिसरीत बसल्या जागी, विशेषतः रात्री, पाऊल ठणकते आणि पाय पलंगाखाली लोंबता सोडला की बरे वाटते. चौथीत जखम भरत नाही किंवा पाऊल काळे पडते. दुसऱ्या पायरीवरील बहुतेकांचा पाय शाबूत राहतो. त्यांना अधिक भीती हृदयविकाराची व पक्षाघाताची असते. तिसऱ्या व चौथ्या पायरीवर मात्र पायच पणाला लागलेला असतो.

एक साधा भागाकार

पायात रक्त किती पोहोचते हे मोजण्याची रीत सोपी आहे. दोन्ही दंडांवर रक्तदाब घेऊन त्यातला वरचा, म्हणजे जास्त असलेला आकडा धरतात. मग डॉप्लर नावाच्या छोट्या यंत्राने घोट्याजवळचा दाब घेतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. दंडात 140 आणि घोट्यात 70 असेल तर उत्तर 0.5 येते. उत्तर 1 च्या आसपास असणे चांगले, 0.9 किंवा त्याहून कमी म्हणजे आजार आहे, 0.4 च्या खाली म्हणजे फार गंभीर.

येथे एक मेख आहे. मधुमेहात रोहिण्या कधी कधी इतक्या कडक होतात की पट्ट्याने दबतच नाहीत आणि उत्तर खोटेच मोठे येते. म्हणून 1.4 च्या वर आकडा आला तर खूश होऊ नये. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब मोजतात. तो 30 च्या खाली असेल तर जखम भरणे कठीण असते.

तीन प्रश्न, चार वर्ग

केवळ या भागाकारावरून पाय जाईल की राहील हे ठरत नाही. म्हणून अमेरिकेतील रक्तवाहिनी-शल्यविशारदांच्या संघटनेने 2014 साली एक पद्धत मांडली. तिच्यात तीन प्रश्न विचारतात : जखम किती मोठी व खोल? रक्तपुरवठा किती कमी? जंतुसंसर्ग किती पसरला? प्रत्येकाला 0 ते 3 गुण. अशा 64 जुळण्या होतात आणि त्यांची विभागणी अत्यल्प, अल्प, मध्यम व अधिक धोका अशा चार वर्गांत केली आहे. एका वर्षात पाय कापावा लागण्याचा धोका किती, याचा अंदाज त्यावरून बांधतात. जखम लहानच असली आणि रक्तपुरवठाही तेवढाच असला, तरी संसर्ग खोल गेला की रुग्ण वरच्या वर्गात जातो. मामांच्या बाबतीत हेच घडले असावे. मूत्रपिंडे निकामी असणे, तंबाखू चालूच असणे, याआधी बोट कापलेले असणे, या गोष्टी धोका आणखी वाढवतात.

आम्ही बँकेत कर्ज देण्यापूर्वी अर्जदाराचे उत्पन्न, जुनी येणी, तारण पाहतो. त्यावरून शंभर अर्जदारांत साधारण किती थकतील हे कळते. नेमका कोण थकेल हे कळत नाही. हेही तसेच आहे. अंदाज म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. धोका अधिक आहे असे कळले तर डॉक्टर फुग्याने रोहिणी रुंद करणे किंवा बायपास यांचा विचार लवकर करतात, आणि पुष्कळदा पाय वाचतो. अंदाजाचा खरा उपयोग हाच.

आपण काय करावे?

1. तंबाखू कोणत्याही रूपात नको.
2. मधुमेहींनी रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांना सांगावे. मधुमेहाने संवेदना गेलेल्या पायाला जखम दुखत नाही, म्हणून डोळ्यांनीच पाहावे लागते.
3. अनवाणी फिरू नये. बधिर पाय गरम पाण्यात घालू नये.
4. चालताना पोटरी दुखून थांबावे लागत असेल तर दाब मोजून घ्यावा. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालण्याचा व्यायाम करावा, औषधे चुकवू नयेत.
5. पायाची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर घरगुती इलाजात आणखी वेळ दवडू नये. मधुमेहींनी दोन आठवडेही थांबू नये. बोट काळे पडले, पाऊल सुजले, लाल झाले किंवा ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाय एकाएकी थंड, पांढरा, बधिर पडला तर तासांचा हिशेब असतो.

आज मामा कृत्रिम पाय लावून चालतात. एक पाय गेलेल्याच्या दुसऱ्या पायालाही धोका असतो, म्हणून त्यांची शाळकरी नात रोज झोपण्यापूर्वी बॅटरीच्या उजेडात त्यांचा डावा तळवा पाहते. तिला या कामाला दोन मिनिटे लागतात. आपल्या प्रत्येक घरात ही दोन मिनिटे निघावीत, एवढीच विनंती.