प्रवेशबिंदू, संगणकीय आज्ञावलीतील

प्रवेशबिंदू, संगणकीय आज्ञावलीतील : संगणकीय आज्ञावलीची कार्यवाही ज्या आज्ञेपासून सुरू होते, त्या आज्ञेच्या स्मृतीतील पत्त्यास प्रवेशबिंदू म्हणतात. मानवाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली कार्यान्वित होण्यापूर्वी तीन टप्प्यांतून जाते. कंपायलर (अनुवादक) तिच्या प्रत्येक भागाचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. लिंकर (जोडक) हे भाग व ग्रंथालयातील तयार भाग एकत्र जोडतो. लोडर (भारक) जोडून तयार झालेली फाईल स्मृतीत ठेवून नियंत्रण तिच्याकडे सोपवितो. आज्ञावलीत प्रवेशबिंदू नसल्यास तो दोष कोणत्या टप्प्यावर उघड होईल, किंबहुना तो दोष मानावा की नाही, हे त्या त्या टप्प्याच्या कार्यावर अवलंबून असते.

इतिहास : आरंभीच्या संगणकांत प्रारंभाचे स्थान यंत्राच्या रचनेनेच ठरलेले असे. केंब्रिज येथे १९४९ मध्ये कार्यान्वित झालेल्या एडसॅक या संगणकात डेव्हिड व्हीलर यांनी रचलेल्या ३१ आरंभिक आज्ञा ० ते ३० या स्थानांवर ठेवल्या जात आणि वापरणाऱ्याची आज्ञावली स्थान ३१ पासून साठविली जाई. आज्ञावल्या अनेक भागांत लिहून नंतर जोडण्याची पद्धत रूढ झाल्यावर मात्र प्रारंभ कोठून करावयाचा हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक झाले. एकाच अखंड भागाने बनलेल्या लहान आज्ञावल्यांत जुना संकेत पुढेही टिकून राहिला. सीपी/एम या प्रचालन प्रणालीत आज्ञावली नेहमी षोडशमान पद्धतीतील १०० या पत्त्यापासून सुरू होई. त्यामुळे तेथे प्रवेशबिंदू नसण्याचा प्रश्नच उद्‌भवत नसे.

कंपायलरची भूमिका : सी भाषेत आज्ञावलीचा प्रारंभ ‘मेन’ नावाच्या फलनापासून (फंक्शनपासून) होतो. तथापि ‘मेन’ नसलेली फाईल कंपायलर बिनतक्रार रूपांतरित करतो. कंपायलरसमोर एका वेळी एकच भाग असतो आणि ‘मेन’ दुसऱ्या भागात असू शकते. गणितीय फलनांचा संग्रह करणाऱ्या फाईलमध्ये तर ते असूच नये. सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकन मानकात दोन प्रकारच्या परिस्थिती कल्पिल्या आहेत. प्रचालन प्रणालीच्या आश्रयाने चालणाऱ्या आज्ञावलीत प्रारंभीच्या फलनाचे नाव ‘मेन’ असलेच पाहिजे. अशा आश्रयाविना चालणाऱ्या आज्ञावलीत त्या फलनाचे नाव व स्वरूप कोणते असावे, हे भाषेच्या त्या त्या अंमलबजावणीवर सोपविले आहे.

लिंकरची भूमिका : सर्व भाग प्रथम एकत्र येतात ते लिंकरसमोर, म्हणून उणीवही तेथेच उघडकीस येते. युनिक्स परंपरेतील प्रणालींत खरा प्रवेशबिंदू ‘मेन’ हा नसून, नावाआधी अधोरेषा असलेले ‘स्टार्ट’ हे नाव होय. ते ज्या भागात असते तो छोटा प्रारंभक भाग कंपायलरच्या संचाबरोबर मिळतो व प्रत्येक आज्ञावलीला आपोआप जोडला जातो. ग्रंथालयाची पूर्वतयारी करणे, ‘मेन’ला पाचारण करणे आणि ते संपल्यावर त्याचे उत्तर प्रचालन प्रणालीला कळविणे ही कामे त्याच्यामुळे घडून येतात. ‘मेन’ नसेल, तर प्रारंभक भागातील हा उल्लेख निराधार राहतो आणि ‘मेन’ या नावाची व्याख्या सापडत नाही, अशी त्रुटी लिंकर दाखवितो. वापरणाऱ्याने स्वतः न लिहिलेल्या फाईलचे नाव या संदेशात का येते, याचा उलगडा यावरून होतो. विंडोज प्रणालीतही असेच घडते : आज्ञावली खिडक्यांच्या स्वरूपाची म्हणून जोडल्यास तिच्या प्रारंभक भागाला ‘विन-मेन’ हे फलन हवे असते, त्यामुळे आज्ञावलीत ‘मेन’ असूनही त्रुटी दाखविली जाते.

प्रारंभक भाग मुद्दाम वगळल्यास परिस्थिती बदलते. ग्नू प्रकल्पातील लिंकर प्रवेशबिंदूचा शोध क्रमाने घेतो : प्रथम आदेशात दिलेले नाव, नंतर जोडणीच्या आराखड्यात नमूद केलेले नाव, मग त्या यंत्रासाठी ठरलेले नाव, त्यानंतर आज्ञाविभागाचा पहिला बाइट व शेवटी पत्ता शून्य. अपेक्षित नाव न सापडल्यास तो केवळ इशारा देतो आणि फाईल तयार करतो. येथेच खरा धोका संभवतो. आज्ञाविभागात जे फलन योगायोगाने पहिले येईल त्यापासून कार्यवाही सुरू होते. भागांचा क्रम बदलला की आज्ञावलीचे वर्तनही बदलते. शिवाय या फलनाला कोणी पाचारण केलेले नसल्याने परतण्यासाठी वैध पत्ता नसतो. कार्यवाही थांबविण्याची विनंती प्रचालन प्रणालीला स्पष्टपणे केली नाही, तर काम पूर्ण होऊनही आज्ञावली अखेरीस कोसळते.

लिंकर नाव तपासतो, त्या नावाखाली काय आहे हे तपासत नाही. १९८४ मधील दुर्बोध सी आज्ञावल्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळविणाऱ्या एका आज्ञावलीत ‘मेन’ हे फलन नसून संख्यांची मालिका होती; त्या संख्या म्हणजे पीडीपी-११ व व्हॅक्स या यंत्रांच्या आज्ञाच होत्या. आधुनिक प्रणालींत विदा साठविलेल्या स्मृतीतून आज्ञा कार्यान्वित करण्यास सामान्यतः मनाई असल्याने ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही.

प्रवेशबिंदूविना वैध फाईल : सामायिक ग्रंथालयांना सहसा प्रवेशबिंदू लागत नाही, त्यांतील फलने इतर आज्ञावल्या नावाने बोलावतात. ईएलएफ या फाईल-स्वरूपात प्रवेशबिंदूच्या रकान्यात शून्य असणे म्हणजे प्रवेशबिंदू नाही असे मानतात. विंडोजमध्ये केवळ चित्रे व मजकूर साठविणारी ग्रंथालये प्रवेशबिंदू नको असे लिंकरला सांगूनच बनवितात.

प्रचालन प्रणाली नसलेल्या यंत्रांत प्रवेशबिंदू पुन्हा यंत्राच्या रचनेकडे जातो. इंटेल ८०८६ हा प्रक्रियक वीजपुरवठा सुरू होताच एक मेगाबाइट स्मृतीच्या शेवटापासून १६ बाइट अगोदरच्या पत्त्यावरून पहिली आज्ञा घेतो. एआरएम कॉर्टेक्स-एम या मालिकेतील प्रक्रियक एका कोष्टकाच्या दुसऱ्या नोंदीतून प्रारंभीच्या फलनाचा पत्ता वाचतात. अशा आज्ञावलीत ‘मेन’ नसले तरी चालते. मात्र हे कोष्टक योग्य जागी नसल्यास लिंकरने निर्दोष ठरविलेली आज्ञावलीही सुरू होत नाही.

अन्य भाषा : पास्कलमध्ये मुख्य खंड हा आज्ञावलीच्या व्याकरणाचाच भाग असल्याने तो नसल्यास कंपायलरच त्रुटी दाखवितो. रस्ट या भाषेचा कंपायलर आज्ञावली व ग्रंथालय यांत भेद करतो आणि आज्ञावलीत ‘मेन’ नसल्यास जोडणीपूर्वीच तिला नकार देतो. जावामध्ये ‘मेन’ नसलेला वर्ग रूपांतरित होतो. उणीव कळते ती तो चालविताना. २०११ मधील सातव्या आवृत्तीपूर्वी ‘मेन’चा शोध घेण्याआधी वर्गाचा आरंभिक खंड कार्यान्वित होत असे; त्यामुळे ‘मेन’विनाही काही काम उरकता येई. पायथनमध्ये फाईलमधील विधाने वरून खाली क्रमाने कार्यान्वित होत असल्याने वेगळा प्रवेशबिंदू सांगावा लागत नाही.