बाहीवरील पट्ट्या

आपल्या जवळच्या बेळगावी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. तेथील सैनिकांत लान्सनायकाच्या बाहीवर एक, नायकाच्या दोन व हवालदाराच्या तीन पट्ट्या असतात. ही खूण इंग्रजी सैन्यातून आली. पदनामे मात्र त्याहून जुनी आहेत. नायक म्हणजे पुढे नेणारा. ज्याच्या हवाली काही केले, तो हवालदार. शिवकाली पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत याच पलटणीचे नायक यशवंत घाडगे यांच्याखेरीज त्यांच्या तुकडीतील सर्व सैनिक मृत वा जखमी झाले. तेव्हा ते एकटेच शत्रूच्या मशिनगनवर धावून गेले, ते ठाणे त्यांनी निकामी केले व तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पट्टी कापडाचीच, पण ‘नायक’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी त्यांनी खरा केला.